जयंती विशेष : ज्यांची रक्षा गंगेत सोडली, ते अमेरिकेचे बासवादक चार्ल्स मिंगस

जन्म अमेरिकेत, मृत्यू मेक्सिकोत आणि रक्षाविसर्जन आपल्या गंगेत! चार्ल्स मिंगस हे नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. पण जगभरातले जॅझ ऐकणारे लोक आजही ते आदरानं घेतात. २२ एप्रिल ही त्यांची जयंती.

जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. चाल ठरलेली असते, पण प्रत्येक वादक आपली पाळी आली की ती मनानं फुलवतो. त्यातला बास म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. भजनात पखवाज जसा सगळ्यांना धरून ठेवतो, तसा बास बाकीच्या वाद्यांना खालून आधार देतो.

मिंगस यांचा जन्म १९२२ चा, ॲरिझोना राज्यातल्या नोगालेस गावचा. वडील सैन्यात सार्जंट. मूल काही महिन्यांचं असतानाच आई गेली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ते वाढले. सावत्र आईला घरात फक्त चर्चचं संगीत चालायचं. चर्चमध्ये एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून साथ द्यायची, अगदी आपल्या भजनी मंडळासारखं. ते सूर पोराच्या कानात कायमचे बसले.

आधी ते चेलो शिकले. पण त्या काळी काळ्या पोराला गोऱ्यांच्या शास्त्रीय वाद्यवृंदात कोण घेणार? मग एका मित्राच्या सल्ल्यानं त्यांनी बास हातात घेतला. मेहनत अशी, की एका जाणत्या गुरूकडं ते पाच वर्षं शिकले. लुई आर्मस्ट्राँगसारख्या मोठ्या कलाकारांना साथ केली. तरी भागेना, तेव्हा काही काळ पोस्टात नोकरीही केली. १९५२ मध्ये ढोलवादक मॅक्स रोच यांच्यासोबत त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. कलाकाराच्या कष्टाचा पैसा कलाकारालाच मिळावा, हा त्यामागचा विचार.

पुढं १९५७ साली अमेरिकेत मोठं प्रकरण घडलं. लिटल रॉक गावच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना प्रवेश मिळाला होता. त्यांना अडवायला तिथले गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी बंदूकधारी जवान उभे केले. मिंगस यांनी थेट त्या गव्हर्नरची खिल्ली उडवणारी रचना केली. १९५९ मध्ये मोठ्या कंपनीनं ती काढली, पण बिनशब्दांची. मिंगस गप्प बसले नाहीत. पुढच्याच वर्षी छोट्या कंपनीकडं जाऊन त्यांनी ती शब्दांसकट रेकॉर्ड केली.

माणूस मात्र भयंकर तापट. ड्यूक एलिंग्टन यांना ते लहानपणापासून मानायचे, पण १९५३ मध्ये भांडणापायी त्यांच्याच वाद्यवृंदातून काढले गेले. १९६२ मध्ये तर आपल्याच साथीदाराच्या तोंडावर ठोसा मारून त्याचा दात तोडला. वाजवायचं त्याचं तेच तोंड. प्रकरण कोर्टात गेलं. अन्यायाविरुद्ध उभा राहणारा हा माणूस जवळच्यांवर अन्याय करून बसला, हेही खरं.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये घरातून बाहेर काढलं गेलं. बास आणि सगळं सामान रस्त्यावर आलं. त्याच जागेत संगीतशाळा काढायचं त्यांचं स्वप्न होतं.

१९७७ च्या शेवटी शरीर हळूहळू लुळं पाडणारा आजार निघाला. बोटं थांबली, पण ते थांबले नाहीत. टेपरेकॉर्डरसमोर चाली गुणगुणून संगीत रचत राहिले. जून १९७८ मध्ये व्हाइट हाऊसमधल्या मैफलीला ते व्हीलचेअरवर आले. लोक त्यांच्यासाठी उठून उभे राहिले, राष्ट्राध्यक्ष कार्टर जवळ आले आणि हा कडक माणूस ढसाढसा रडला.

५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोत, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पत्नी सू यांनी रक्षा भारतात आणून गंगेत सोडली.

दहा वर्षांनी, १९८९ मध्ये त्यांची दोन तासांहून मोठी रचना न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा पूर्ण वाजली. ती ऐकायला ते नव्हते. १९९३ मध्ये त्यांचे सगळे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जतन करायला घेतले. ज्यांचं बिऱ्हाड एकदा रस्त्यावर आलं होतं, त्यांच्या वह्या आज देशाचा ठेवा आहेत.