दोन गाणी ऐकून जग कंटाळलं, पण रॉनी व्हॅन झँटची बाकीची गाणी ऐकायची राहूनच गेली

अमेरिकेत कुठलाही बँड स्टेजवर चढू दे, गर्दीतला एक तरी गडी 'फ्री बर्ड'ची फर्माईश करतोच. हा जोक इतका जुना झालाय की आता ओरडणाऱ्यालाही हसू येत नाही. त्याच बँडचं 'स्वीट होम अलाबामा' तर मीम आणि रील्समधून तुमच्यापर्यंत पोहोचलं असेलच.

बँडचं नाव लिनर्ड स्किनर्ड. ब्लूज, कंट्री आणि रॉक एकत्र करून अमेरिकेच्या दक्षिणेत जे सदर्न रॉक तयार झालं, त्यातलं हे बडं नाव. रेडिओवाल्यांनी ही दोन गाणी इतकी घासली की ती लिहिणारा माणूस त्यांच्याखाली झाकला गेला.

तो माणूस म्हणजे रॉनी व्हॅन झँट. जन्म १५ जानेवारी १९४८, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. वडील ट्रक ड्रायव्हर, वस्ती गरिबांची. १९६४ च्या उन्हाळ्यात बेसबॉल खेळताना रॉनीने मारलेला चेंडू बॉब बर्न्स नावाच्या पोराला लागला. भांडण व्हायचं सोडून त्याच दुपारी बर्न्सच्या घरी वाद्यं निघाली आणि बँड सुरू झाला.

नावाचा किस्सा तर भारीच. शाळेत लिओनार्ड स्किनर नावाचे पीटीचे सर होते. केस वाढवलेली पोरं दिसली की ते थेट ऑफिसात पाठवायचे. बँडमधल्या गॅरी रॉसिंग्टनला त्यांचा चांगलाच प्रसाद मिळाला होता. मग पोरांनी स्पेलिंग मोडून सरांचंच नाव बँडला दिलं.

सराव चालायचा गावाबाहेरच्या पत्र्याच्या एका खोपटात. फ्लोरिडाच्या उकाड्यामुळे त्याचं नाव पडलं हेल हाउस. तिथे रॉनीची हुकूमशाही होती. तो गाणी कागदावर लिहीत नसे, सगळं डोक्यात. प्यायल्यावर मात्र त्याचा हात सुटायचा. पियानो वाजवणाऱ्या बिली पॉवेलचे दात त्यानेच पाडले होते.

१९७३ साली पहिला अल्बम आला. 'फ्री बर्ड' त्यातलंच, ९ मिनिटांपेक्षा मोठं. १९७४ मध्ये 'स्वीट होम अलाबामा' आलं आणि अमेरिकेच्या यादीत ८ व्या नंबरवर गेलं. नील यंगने आपल्या दोन गाण्यांतून दक्षिणेच्या वर्णद्वेषावर बोट ठेवलं होतं, त्याला हे उत्तर होतं. गंमत म्हणजे ते लिहिणाऱ्या तिघांपैकी एकही अलाबामाचा नव्हता.

इथूनच बँडवर कट्टर दक्षिणवाल्यांचा शिक्का बसला. त्यात बँडचा हातही होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा कॉन्फेडरेट झेंडा त्यांच्या स्टेजवर मागे लटकलेला असायचा. कंपनीला त्यात मार्केटिंग दिसलं, पण पोरांनीही तो काढला नाही. हा डाग धुऊन निघणारा नाही.

पण झेंडा बघून बँड बंद करणाऱ्यांचं 'द बॅलड ऑफ कर्टिस लो' हे गाणं निसटतं. गाव ज्याला निकामी समजतं अशा एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय गिटारवाल्याचं वादन ऐकायला एक पोरगा सोड्याच्या बाटल्या गोळा करून पैसे जमवतो, ही त्याची गोष्ट. 'सॅटर्डे नाइट स्पेशल' ऐका. हे स्वस्तातल्या पिस्तुलाचं टोपणनाव. घरोघरी बंदुका असलेल्या भागातला हा गायक १९७५ मध्ये सांगत होता की ही पिस्तुलं समुद्रात बुडवा. रेडिओवर त्याची दोन मोठी गाणी वाजली तेवढं हे कधी वाजलं नाही.

आणि मग 'दॅट स्मेल'. १९७६ मध्ये रॉसिंग्टनने नशेत गाडी झाडावर घातली. रॉनीने त्याला ५००० डॉलर दंड लावला आणि ॲलन कॉलिन्ससोबत एक गाणं रचलं. दारू, ड्रग्ज आणि आसपास घुटमळणाऱ्या मरणाच्या वासाचं. त्यातून त्याने स्वतःलाही वगळलं नाही. मुलगी नुकतीच जन्मली होती, गडी सुधारायच्या मार्गावर होता.

हे गाणं ज्या अल्बममध्ये होतं तो 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' १७ ऑक्टोबर १९७७ ला आला. तीनच दिवसांनी बँडचं भाड्याचं विमान ग्रीनव्हिलहून बॅटन रूजला निघालं. एरोस्मिथ बँडच्या माणसांनी हेच विमान आधी तपासून नाकारलं होतं. मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळ इंधन संपलं आणि विमान जंगलात कोसळलं. सहा जण गेले. त्यात गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची गायिका बहीण कॅसी आणि रॉनी होते. रॉनी २९ वर्षांचा होता.

अल्बमच्या कव्हरवर बँड आगीच्या ज्वाळांत उभा होता. कंपनीने ते कव्हर घाईघाईने बदललं. त्या फोटोत रॉनीच्या अंगावर जो टी-शर्ट आहे, तो नील यंगच्या अल्बमचा. दोघांचं वैर लोकांच्या डोक्यातच जास्त होतं. यंगने तर आपली गाणी या बँडला देऊ केली होती.

नोव्हेंबर १९७७ मध्ये मायामीच्या एका मदत कार्यक्रमात यंग स्वतःचं 'अलाबामा' गाऊ लागला. ते संपता संपता तो 'स्वीट होम अलाबामा'वर आला, ज्यात त्याचं नाव घेऊन त्याला सुनावलंय त्याच गाण्यावर.