पोकळ बैलातला पक्षीवेडा



एप्रिल लागला की इंग्लंडमधल्या आम्हा हौशी फोटोग्राफर मंडळींच्या अंगात येतं. नर पक्षी जोडीदारासाठी गळा काढून गात असतात, चोचीत काड्या आणि शेवाळ घेऊन लगबग चालू असते. फोटोंसाठी याहून चांगले दिवस नाहीत. यंदा घरामागच्या कुंपणात आम्हाला साँग थ्रशचं घरटं दिसलं आणि फोटो नीट यावा म्हणून आम्ही फांदी बाजूला करायला हात घातला. शेजारी उभ्या असलेल्या लेकीने तो हात धरून मागे ओढला. तेव्हा आठवण झाली रिचर्ड कीअर्टन यांची.

रिचर्ड यांचा जन्म 1862 चा, यॉर्कशरच्या स्वेलडेल दरीतल्या थ्वेट या खेड्यातला. घर मेंढपाळ शेतकऱ्याचं. लहानपणी घरटी शोधायला झाडावर चढले आणि पडले. मांडीचा सांधा दुखावला आणि एक पाय जन्मभर अधू राहिला. पण रानाची ओढ काही सुटली नाही. माळावरच्या ग्राउज पक्ष्याच्या आवाजाची ते अशी हुबेहूब नक्कल करत की शिकारीला आलेले लंडनच्या कॅसल प्रकाशनाचे एक गृहस्थ थक्क झाले. त्या ओळखीतून 1882 मध्ये त्यांना लंडनला नोकरी मिळाली. गाव सोडून पोटापाण्यासाठी शहरात आलेला माणूस, आपल्यासारखाच की!

नऊ वर्षांनी धाकटा असलेला भाऊ चेरीही मागोमाग लंडनला आला. 1892 च्या एप्रिलमध्ये एनफील्डजवळ रिचर्डना साँग थ्रशचं घरटं सापडलं. आत काळे ठिपके असलेली निळी अंडी. चेरीकडे एक साधा कॅमेरा होता, त्याने फोटो काढला. अंड्यांसकट घरट्याचा, जागच्या जागी घेतलेला हा पहिला फोटो मानला जातो.

यात एवढं काय, असं वाटेल. पण तो काळ अंडी गोळा करण्याचा होता. मोठमोठे लोक पेट्या भरून अंडी जमवत आणि पक्षी ओळखायचा तर आधी बंदुकीने पाडत. या फोटोमुळे घरटं घरी आणता आलं आणि अंडी मात्र पक्षिणीपाशीच राहिली. 1895 साली दोघांचं 'ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स' हे पुस्तक आलं. रानात जाऊन काढलेल्या फोटोंनी सजलेलं असं पुस्तक लोकांनी तोवर पाहिलं नव्हतं.

घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढणं मात्र अवघड होतं. झूम लेन्स नव्हती, काचेच्या प्लेटा, बोजड कॅमेरा. जवळ जायलाच हवं आणि पक्ष्याला तर कळता कामा नये. मग रिचर्डनी एकेक सोंगं काढली. कधी खोटा बुंधा, कधी खोटी मेंढी. 1900 च्या सुमारास तर खऱ्या बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून घेतला! कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरायचं आणि तासन्‌तास वाकून उभं राहायचं, तेही अधू पायावर. एकदा आतच भोवळ आली आणि रिचर्ड बैलासकट आडवे झाले. चेरी येऊन बघतो तर बैलाचे पाय आभाळाकडे! आपल्या नंदीबैलालाही हसू आलं असतं.

पुढे नोकरी सोडून रिचर्ड यांनी लेखन आणि गावोगाव स्लाइड दाखवत व्याख्यानं यांवर संसार केला. चेरी आफ्रिकेत गेला आणि वन्यप्राण्यांच्या चित्रपटांसाठी नावाजला. रिचर्ड 1928 मध्ये गेले, चेरी 1940 मध्ये. म्यूकर गावातल्या त्यांच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर दोघांच्या नावाच्या पाट्या आहेत. यॉर्कशरला गेलात तर जरूर बघा.

1954 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बहुतेक रानपक्ष्यांची अंडी उचलायला बंदी आली. 1981 च्या कायद्यानुसार खंड्या, गव्हाणी घुबड अशा काही पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणं हाही गुन्हा आहे. फोटोसाठी तिथे जायचं तर परवाना लागतो. आपल्या घरामागचा थ्रश त्या यादीत नाही. पण फांदी सरकली की घरटं उघडं पडतं आणि मॅगपायला आयती मेजवानी मिळते. बैलाच्या पोटात घामाघूम होणाऱ्या त्या माणसाला हे कायदा नसतानाही कळलं होतं.

आम्ही फांदी सोडून दिली. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो. फोटो जरा धूसर येतात, पण पिल्लं चार आहेत. मोजणी अर्थात लेकीची!