वडिलांना वाटायचं मुलीने डॉक्टर व्हावं, पण पुण्याच्या कमल समर्थ पेशींच्या मागे लागल्या

८ नोव्हेंबर २०२१. त्या दिवशी गुगल उघडलं की सूक्ष्मदर्शकात डोकावणाऱ्या एका बाईंचं चित्र दिसत होतं. नाव डॉ. कमल रणदिवे. त्यांची १०४ वी जयंती होती. स्क्रोल करता करता अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच वाचलं असेल.

तर या कमलताई अस्सल पुण्याच्या. माहेरचं आडनाव समर्थ. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा होती. यातलं काहीच झालं नाही. कमलताईंनी वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र निवडलं आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी.

१९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एमएस्सी केलं. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. गुणसूत्रं पेशीच्या केंद्रकात असतात. म्हणजे केंद्रकाशी त्यांची ओळख झाली ती सीताफळामुळे!

पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यांना डॉ. वि. रा. खानोलकर भेटले. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी झाली आणि मग त्या थेट अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये गेल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशी पहिल्यांदा वाढवणारे ते हेच गाय. शरीरातल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत कशा ठेवायच्या, कशा वाढवायच्या, हे तंत्र कमलताई तिथे शिकल्या. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली.

आता त्यांच्या कामातला सगळ्यात भारी भाग.

उंदरांमध्ये स्तनांचा कॅन्सर पसरवणारा एक विषाणू असतो. तो आईच्या दुधातून पिल्लांमध्ये जातो. पण विषाणू आला म्हणजे प्रत्येक उंदराला गाठ होतेच असं नाही. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू या तिघांचं एकमेकांशी नातं काय, यावर वर्षानुवर्षं काम केलं. नातं आहे हे दिसत होतं. पण हार्मोनचा निरोप विषाणूपर्यंत पोचतो कसा?

विषाणू आपली जनुकं पेशीच्या डीएनएमध्ये घुसवून बसतो, आणि डीएनए असतो केंद्रकात. केंद्रक म्हणजे जुना वाडाच समजा. मोठा दरवाजा बंद, त्यातली छोटी दिंडी उघडी. लहान रेणू दिंडीतून आत-बाहेर करतात. मोठ्या प्रोटीनला मात्र आत न्यायला ओळखीचा माणूस लागतो. त्याचं नाव इम्पोर्टिन.

इम्पोर्टिन कोणालाही हात धरून आत नेत नाही. प्रोटीनवर अमिनो आम्लांच्या अक्षरांत लिहिलेला ‘केंद्रक’ असा पत्ता असावा लागतो. एका विषाणूच्या प्रोटीनवरचा असा पत्ता १९८४ मध्ये नेमका सापडला, तो अवघ्या ७ अमिनो आम्लांचा होता. इम्पोर्टिन हाती लागलं १९९४ मध्ये. ते माल आत घेऊन जातं, तिथे ‘रॅन’ नावाचं प्रोटीन त्याच्याकडून माल सोडवून घेतं आणि इम्पोर्टिन पुढच्या खेपेसाठी रिकाम्या हाताने बाहेर येतं.

या उंदरांच्या पेशीतही असंच होतं. स्टिरॉइड हार्मोन पकडणारं एक प्रोटीन केंद्रकाबाहेर थांबलेलं असतं. हार्मोन येऊन चिकटलं की त्याचा आकार बदलतो, झाकलेला पत्ता उघडा पडतो आणि इम्पोर्टिन त्याला आत नेतं. आत गेल्यावर ते थेट विषाणूच्या जनुकांशेजारी जाऊन बसतं आणि ती जोरात चालू होतात. हार्मोन आणि विषाणूच्या नात्यातला हा दुवा कमलताईंनी काम सुरू केलं तेव्हा कोणाच्याच हाती नव्हता. इम्पोर्टिनचा शोध लागला तोवर तर त्या निवृत्त झाल्या होत्या.

बाकी यादी मोठी आहे. कुष्ठरोगाच्या जंतूंवर मूलभूत काम, १९६६ ते १९७० संशोधन केंद्राचं हंगामी संचालकपद, १९८२ मध्ये पद्मभूषण. १९७३ मध्ये ११ सहकाऱ्यांसोबत त्यांनी महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. परदेशी गेलेल्या भारतीय संशोधकांनी शिकून परत यावं, असा त्यांचा कायम आग्रह असायचा, आणि तो शोभायचाही, कारण त्या स्वतः परत आल्या होत्या.

निवृत्तीनंतर त्यांनी ग्रामीण भागात बायकांना आरोग्यसेविकेचं प्रशिक्षण दिलं. नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी काढलेल्या संघटनेचं मुख्यालय आजही वाशीला आहे.