इमाम अबू हनीफा (रह.) आणि भिंतीतील खिडकी

वाचकहो, नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत खिडकी पाडण्यावरून शेजारी दुरावतात, म्हणून ही हकीकत ऐका. हिजरी ८० मध्ये कूफा येथे जन्मलेले इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी आणि फिकहचे इमाम होते. चरित्रकार सांगतात, एकाने त्यांच्याकडे भिंतीत खिडकी पाडण्याविषयी विचारणा केली. शेजाऱ्याकडे न डोकावण्याच्या अटीवर इमामांनी संमती दिली. ही अट आपण फार लवकर विसरतो! शेजाऱ्याच्या तक्रारीवरून काझी इब्ने अबी लैला यांनी मनाई केली. तेव्हा इमामांनी भिंतीची किंमत, तीन दीनार, स्वतः देऊ करून ती पाडण्यास सांगितले. स्वतःची भिंत पाडण्यास काझी मनाई करू शकले नाहीत. याहून खिडकी बरी होती, हे मग शेजाऱ्यालाच उमगले. पुढे काझीपद नाकारणारे इमाम हिजरी १५० मध्ये बगदाद येथे वफात पावले.