गोंगाटाचा माग काढणारे कार्ल जान्स्की

वळवाच्या पावसाचे दिवस आले की परभणी, मानवत, जिंतूर भागात दुपारनंतर आभाळ भरून येते. अशा वेळी रेडिओवर आकाशवाणीचे परभणी केंद्र लावलेले असेल, तर वीज चमकताच त्यात कडकड उमटते. ढगांचा गडगडाट त्यानंतर ऐकू येतो. वीज म्हणजे विद्युतप्रवाहाचा प्रचंड झटका आणि अशा प्रत्येक झटक्यातून रेडिओ लहरी बाहेर पडतात. अँटेनापर्यंत जे पोहोचेल ते रेडिओ ऐकवतो, मग ते गाणे असो की गोंगाट. मिक्सर, मोबाइलचा चार्जर, टेबलावरचा कॉम्प्युटर हेही अशा गोंगाटाचे उगम आहेत. तो नेमका कुठून येतो हे शोधणे मोठे कंटाळवाणे काम. एका तरुणाला नोकरीत तेच काम नेमून दिले गेले आणि त्यातून खगोलशास्त्राची एक नवी शाखा जन्मली. त्या तरुणाचे नाव कार्ल गुथे जान्स्की.

जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा भागातील नॉर्मन या गावी झाला. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या परिचयातील कार्ल गुथे या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव मुलाला दिले. जान्स्की यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९२७ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. अभ्यासाइतकीच त्यांना आइस हॉकीची आवड होती.

मात्र तरुणपणीच त्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला. त्या काळी तो ब्राइट यांचा आजार म्हणून ओळखला जाई. यात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांना सूज येते, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, रक्तदाब वाढतो आणि पुढे हृदय व मेंदूवर ताण येतो. रक्तदाब आटोक्यात ठेवणारी आजची औषधे तेव्हा नव्हती. डायलिसिसचे यंत्र यायलाही अजून बरीच वर्षे होती. या दुखण्यामुळे बेल टेलिफोन प्रयोगशाळा त्यांना नोकरी द्यायला कचरत होती. रेडिओ अभियंता असलेल्या थोरल्या भावाने शब्द टाकला आणि १९२८ मध्ये जान्स्की रुजू झाले. प्रकृतीला जपता यावे म्हणून त्यांची नेमणूक न्यू यॉर्कच्या धकाधकीत न करता न्यू जर्सीतील ग्रामीण भागात झाली.

त्याआधी वर्षभर, १९२७ मध्ये, न्यू यॉर्क ते लंडन अशी रेडिओ लहरींवर चालणारी दूरध्वनी सेवा सुरू झाली होती. सुरुवातीला तीन मिनिटांच्या बोलण्याला ७५ डॉलर पडत. एवढे पैसे मोजून ऐकू यायची ती खरखर! ती कुठून येते, केव्हा वाढते, हे शोधण्याचे काम जान्स्की यांच्यावर सोपवण्यात आले.

त्यासाठी त्यांनी होल्मडेल येथे लाकूड आणि पितळी नळ्यांची सुमारे ३० मीटर लांबीची अँटेना उभारली. ती फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या चार चाकांवर बसवली होती आणि दर २० मिनिटांनी एक फेरी पूर्ण करी. सहकारी तिला गमतीने गोल फिरणारा पाळणा म्हणत. ती २०.५ मेगाहर्ट्झच्या लहरी पकडायची आणि कागदाच्या पट्टीवर लेखणी गोंगाटाचा आलेख काढत राहायची. अँटेना फिरती असल्याने आवाजाची वेळ आणि दिशा दोन्ही कळत.

महिनोन् महिने नोंदी केल्यावर गोंगाटाचे तीन प्रकार वेगळे झाले. पहिला जवळच्या वादळी विजांचा, दुसरा दूरच्या वादळांचा. तिसरा मात्र अगदी मंद, सलग सरसर असा. रेडिओच्या स्वतःच्या आवाजात तो जवळजवळ मिसळून गेला होता. दुसऱ्या कुणी तो यंत्राचा दोष समजून सोडून दिला असता. पण दोष यंत्राचा असता, तर अँटेना कुठेही वळली तरी तो सारखाच राहिला असता. हा आवाज दिशेनुसार कमी-जास्त होत होता, म्हणजे तो बाहेरून येत होता.

सुरुवातीला, १९३१-३२ च्या हिवाळ्यात, त्याची दिशा सूर्याशी जुळत होती. साहजिकच संशय सूर्यावर गेला. पण पुढच्या महिन्यांत ती दिशा सूर्यापासून दूर सरकू लागली. वर्षभराच्या नोंदी हाती आल्यावर उलगडा झाला. आवाजाचा जोर २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होता. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा मात्र चार मिनिटांनी लहान. खगोलशास्त्राचे अभ्यासक असलेले सहकारी मेल्विन स्केलेट यांच्याशी बोलताना हा धागा पक्का झाला. आवाज धनू राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून येत होता. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सूर्य धनू राशीत असतो, म्हणूनच आपण त्या काळाला धनुर्मास म्हणतो. सूर्यावरचा पहिला संशय त्यामुळेच आला होता.

हे संशोधन एप्रिल १९३३ मध्ये मांडले गेले. ५ मे रोजी न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्याची बातमी आली आणि काही दिवसांनी ती सरसर रेडिओवरून श्रोत्यांना ऐकवण्यातही आली. पण कौतुक तिथेच थांबले. मंदीचे दिवस होते आणि खगोलशास्त्रज्ञांना रेडिओची भाषा परकी होती. कंपनीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते आणि आकाशगंगेचा आवाज काही बंद करता येणार नव्हता! जान्स्की यांना दुसरी कामे देण्यात आली. ग्रोट रेबर या हौशी अभियंत्याने १९३७ मध्ये स्वतःच्या अंगणात तबकडीची दुर्बीण बांधून तो धागा पुढे नेला.

जान्स्की यांचे १४ फेब्रुवारी १९५० रोजी, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे, अवघ्या ४४ व्या वर्षी निधन झाले. रेडिओ खगोलशास्त्राचा बहर त्यांना पाहता आला नाही. आज आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता जान्स्की या एककातच मोजतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिथेही हेच एकक वापरतात. कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या लहरींनी आकाशाचा क्षीण आवाज झाकला जाऊ नये, याची तिथे कसोशीने काळजी घ्यावी लागते.

घरातल्या कॉम्प्युटरची बारीक शिट्टी किंवा गुणगुण शोधायलाही त्यांचीच रीत उपयोगी पडते. आधी हेडफोन आणि स्पीकर काढून पाहा. तरीही आवाज येत असेल, तर तो डब्यातूनच येतो आहे. गेम सुरू केल्यावर तो वाढला, तर बहुधा ग्राफिक्स कार्ड किंवा पॉवर सप्लायमधील तारेची वेटोळी थरथरत असतात. वेग बदलताना आवाज बदलला, तर पंख्याकडे पाहावे. वेटोळ्यांच्या आवाजाने सहसा धोका नसतो. आवाज फक्त स्पीकरमध्ये असेल, तर त्याची तार विजेच्या तारांपासून दूर करा, दुसरे सॉकेट वापरून पाहा आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असू शकतो.