जंतूंचे काम ठप्प करणारे डॉ. सुब्बाराव
२०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. गवतातल्या बारीक किडीमुळे होणारा हा ताप अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यांनाही धोक्याचा. त्यावरचे मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन.

याच घराण्यातले पहिले औषध ऑरिओमायसिन. १९४८ मध्ये ते आले अमेरिकेच्या लेडर्ली प्रयोगशाळेतून. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, भीमावरम. १९२३ मध्ये ते हार्वर्डला गेले. औषध आले त्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे औषध जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर बसते. कच्चा माल आत येत नाही, काम अडते. रायबोसोम हे नाव दहा वर्षांनी पडले. औषधाचा घाव नेमका कुठे बसतो, हे पाहायला सुब्बाराव नव्हते.

काही जंतू मात्र खास प्रथिन बनवून औषध उपटून काढतात आणि अडलेले यंत्र पुन्हा सुरू करतात. म्हणून ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.