फिशर ब्लॅक
फिशर शेफी ब्लॅक (जन्म : वॉशिंग्टन, डी.सी., ११ जानेवारी १९३८, मृत्यू : न्यू केनन, कनेटिकट, ३० ऑगस्ट १९९५) हे अमेरिकन वित्ततज्ज्ञ होते. ऑप्शनचे मूल्य काढणाऱ्या ब्लॅक-शोल्स सूत्रामुळे ते ओळखले जातात. बाजाराची तरलता कशी ओळखावी याविषयीचे त्यांचे लेखन तुलनेने कमी परिचित आहे.

जीवन

हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९५९ साली भौतिकशास्त्राची पदवी आणि १९६४ साली उपयोजित गणितातील डॉक्टरेट मिळवली. अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत जॅक ट्रेनर यांच्या सहवासात ते या विषयाकडे वळले. मायरन शोल्स यांच्यासह लिहिलेला ऑप्शनवरील शोधनिबंध आरंभी नाकारला गेला व १९७३ साली प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठ व एमआयटी येथे अध्यापन केल्यावर १९८४ साली ते गोल्डमन सॅक्समध्ये गेले. शोल्स व रॉबर्ट मर्टन यांना १९९७ साली नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला, तेव्हा ब्लॅक हयात नव्हते.

तरलतेच्या कसोट्या

शेअर बाजाराच्या संगणकीकरणावरील १९७१ च्या लेखात ब्लॅक यांनी तरल बाजाराची लक्षणे मांडली. लहान व्यवहारासाठी खरेदीचा व विक्रीचा भाव सदैव उपलब्ध असावा; त्या दोहोंतील तफावत अल्प असावी; मोठा व्यवहार सावकाश केल्यास भाव फारसा हलू नये; आणि तो तत्काळ करायचाच झाला, तर आकारानुसार अधिक किंमत मोजून करता यावा. खऱ्या माहितीऐवजी निव्वळ गोंगाटावर व्यवहार करणाऱ्यांमुळेच बाजार तरल राहतो, पण भावही त्यांच्यामुळेच मूल्यापासून ढळतात, असे त्यांनी १९८६ च्या निबंधात प्रतिपादन केले.

गृहकर्ज-रोखे

इमॅन्युएल डर्मन व विल्यम टॉय यांच्यासह त्यांनी विकसित केलेले व्याजदरांचे प्रारूप १९९० साली प्रसिद्ध झाले. कर्जदाराला मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याची मुभा असल्याने गृहकर्ज-रोख्यांच्या मूल्यांकनात अशी प्रारूपे वापरली जातात. परंतु प्रारूपाने काढलेले मूल्य म्हणजे मिळणारा भाव नव्हे. सरकारपुरस्कृत संस्थांची हमी नसलेले खासगी रोखे डीलरांमार्फत, परस्पर विकले जातात आणि त्यांतील अनेकांचा दीर्घकाळ एकही व्यवहार होत नाही. ९ ऑगस्ट २००७ रोजी बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन निधींतून पैसे काढण्यास स्थगिती दिली. अमेरिकेतील काही रोखेबाजारांत तरलताच न उरल्याने मालमत्तेचे मूल्य ठरवता येत नाही, हे त्याचे कारण होते.

अशा रोख्यांचे व्यवहार फिनरा या नियामक संस्थेला कळवणे मे २०११ पासून अमेरिकेत बंधनकारक झाले. त्यामुळे डीलरने एका ग्राहकाकडून घेतलेला रोखा दुसऱ्याला किती फरकाने विकला, हे प्रत्यक्ष नोंदींवरून काढता येऊ लागले. ब्लॅक यांची भाव-तफावतीची कसोटी या बाजारात मुख्यतः याच मार्गाने लावली जाते.